पुरातन अमेरिकी पोर्सेलीन : संग्रह, खरेदी आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

फेब्रुवारी २०१८ मध्ये इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील वूली अँड वॉलिस या लिलावगृहात चहाची एक लहानशी किटली विक्रीस आली. किटलीला झाकण नव्हते. तिचा कान मोडून पुन्हा जोडलेला होता. अंगावरील सजावटीत निळ्या रंगात छापलेले ताडासारखे वृक्ष आणि त्यांच्याखाली उभे असलेले क्रौंच पक्षी होते. विक्रेत्याने ती २०१६ मध्ये एका साध्या लिलावातून अवघ्या १५ पौंडांना घेतली होती. दोन वर्षांनंतर लिलावगृहाच्या अधिभारासह तिची किंमत ५,७५,००० पौंड झाली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टसाठी ती खरेदी करण्यात आली.

या दोन वर्षांत किटलीत काहीही बदल झाला नव्हता. बदलले ते तिच्याविषयीचे ज्ञान. १५ पौंडांची किटली ही अठराव्या शतकातील एका अनोळखी इंग्रज कारखान्याची मानली जात होती. पावणेसहा लाख पौंडांची किटली ही दक्षिण कॅरोलायनात जॉन बार्टलम याने घडवलेली, म्हणजे आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी अमेरिकी पोर्सेलीनची किटली ठरली. किमतीतील हा फरक मातीचा किंवा कारागिरीचा नसून इतिहासाचा आहे, असे म्हणावे लागते. पुरातन वस्तूंचा बाजार आणि इतिहासलेखन या दोन स्वतंत्र बाबी आहेत अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकी पोर्सेलीनच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. या वस्तूंचा इतिहास प्रथम संग्राहकांनी लिहिला, त्यानुसार किमती ठरल्या आणि किमती वाढल्यामुळे पुढील संशोधनास चालना मिळाली. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पोर्सेलीन म्हणजे काय आणि 'अमेरिकी' म्हणजे काय

मराठीत आपण सरसकट 'चिनी मातीची भांडी' म्हणतो. लोणच्याची बरणी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले कपबशीचे संच ही दोन्ही आपल्या दृष्टीने चिनी मातीचीच. इंग्रजी भाषेतही देशाचे नावच वस्तूला चिकटले आहे. शास्त्रीय दृष्ट्या मात्र फरक करावा लागतो. बरणी ही दगडी भांड्याच्या जातीची असते. खरे अथवा कठीण पोर्सेलीन हे केओलीन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त खडकाची पूड यांच्या मिश्रणातून, सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानास भाजून तयार होते. ते पांढरेशुभ्र, पाणी न शोषणारे आणि पातळ असल्यास प्रकाश आरपार जाऊ देणारे असते. चीनने ही विद्या हजारएक वर्षे जपली. युरोपात जर्मनीतील माइसन येथे १७१० मध्ये कारखाना निघाला तेव्हा ती पश्चिमेस प्रथम साध्य झाली. तोवर आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी काचेची पूड किंवा हाडांची राख मिसळून 'मृदू' पोर्सेलीन केले जाई. अमेरिकेतील आरंभीचे प्रयोग प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

'अमेरिकी' हा शब्द याहून अवघड आहे. अमेरिकी घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेली बहुतेक पोर्सेलीनची भांडी अमेरिकेत घडलेली नाहीत. 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज २२ फेब्रुवारी १७८४ रोजी न्यूयॉर्कहून निघाले आणि १७८५ च्या मे महिन्यात कॅन्टनहून चहा व चिनी भांडी घेऊन परतले. चीनहून आलेल्या, सिनसिनाटी सोसायटीचे चिन्ह रंगवलेल्या संचातील ३०२ नग जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८६ मध्ये विकत घेतले. ही भांडी अमेरिकी राष्ट्राच्या स्मृतीत अढळ स्थान मिळवून बसली आहेत. पण घडवली ती चिनी कुंभारांनी. याच कॅन्टनच्या बाजारात मुंबईचे पारशी व्यापारीही खरेदी करीत होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी पोर्सेलीनची दालने पाहताना एकोणिसाव्या शतकातील बॉस्टन किंवा सेलम येथील सधन घरांतील दर्शनी कपाटांची कल्पना करता येते. निर्यातीच्या या चिनी भांड्यांना युरोप-अमेरिकेतील संग्राहक दीर्घकाळ इंग्लंडमधील 'लोस्टॉफ्ट' गावच्या नावाने ओळखत. त्याचे मूळ विल्यम चॅफर्स या इंग्रज अभ्यासकाच्या एका चुकीत होते. चूक लक्षात आल्यावरही विक्रेत्यांच्या याद्यांतून हे नाव दीर्घकाळ गेले नाही. बाजाराची भाषा संशोधनापेक्षा सावकाश सुधारते, याचे हे बोलके उदाहरण होय.

चेरोकींची माती

अमेरिकी पोर्सेलीनच्या इतिहासाचा आरंभ भांड्यापासून नव्हे तर मातीपासून करावा लागतो, आणि ही माती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मालकीची नव्हती. ती चेरोकी लोकांच्या डोंगरात होती. जॉर्जियातील सव्हाना येथील कुंभार अँड्र्यू ड्यूशे याने १७३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याला पोर्सेलीनचे रहस्य गवसल्याचा दावा केला. त्याचे म्हणून निर्विवादपणे मान्य झालेले एकही पोर्सेलीनचे भांडे आज दाखवता येत नाही. तथापि १७४४ मध्ये लंडनजवळील बो कारखान्याशी संबंधित एडवर्ड हेलिन आणि टॉमस फ्राय यांनी घेतलेल्या एकस्वात अमेरिकेतील चेरोकी राष्ट्राच्या प्रदेशातील 'अनेकर' नावाच्या मातीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अमेरिकेत पोर्सेलीन तयार होण्यापूर्वीच अमेरिकेची माती इंग्लंडच्या कारखानदारांच्या हिशेबात आली होती.

पुढे १७६७ मध्ये जोसाया वेजवुड याने टॉमस ग्रिफिथ्स या माणसाला मुद्दाम या मातीसाठी कॅरोलायनाच्या अंतर्भागात धाडले. ग्रिफिथ्सला चेरोकी प्रमुखांशी वाटाघाटी कराव्या लागल्या, त्यांची परवानगी मिळवावी लागली आणि काही टन माती घोड्यांवर व गाड्यांवर लादून चार्ल्सटन बंदरापर्यंत आणावी लागली. वाहतुकीचा खर्च पाहता हा व्यवहार वेजवुडला परवडणारा नव्हता. त्याने ती माती थोडी थोडी वापरली आणि तिच्या दुर्मीळतेचा जाहिरातीसाठी उपयोग करून घेतला. चेरोकींच्या दृष्टीने या व्यवहाराचा अर्थ काय होता हे ग्रिफिथ्सच्या रोजनिशीतून, म्हणजे खरेदीदाराच्या नजरेतूनच, कळते. १८३८ मध्ये अमेरिकी शासनाने चेरोकींना त्यांच्या भूमीतून सक्तीने पश्चिमेकडे हाकलले. हजारो माणसे वाटेत व छावण्यांत मेली. संग्रहालयांच्या पाट्यांवर कुंभाराचे नाव असते, मालकाचे असते, देणगीदाराचे तर असतेच. मातीच्या धन्याचे नाव मात्र तेथे क्वचितच सापडते, आणि ही उणीव केवळ पाटीवरच्या जागेची नाही.

बार्टलम, बॉनिन आणि मॉरिस

जॉन बार्टलम हा इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील कुंभार. कर्ज आणि व्यापारातील अपयशामुळे तो १७६० च्या दशकात दक्षिण कॅरोलायनात आला आणि चार्ल्सटनजवळील केन हॉय येथे त्याने भट्टी उभारली. १७६५ मध्येच वेजवुडने एका पत्रात, दक्षिण कॅरोलायनात नवा भांड्यांचा कारखाना काढण्यासाठी आपल्याकडील कारागीर फोडले जात असल्याची तक्रार केली होती. वसाहतींनी कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, ही व्यवस्था बिघडण्याची भीती त्यामागे होती. भारतातील वाचकास हे तर्कशास्त्र अपरिचित नाही. १७८३ मध्ये त्याच वेजवुडने परदेशी जाऊ पाहणाऱ्या कारागिरांना परावृत्त करण्यासाठी एक पुस्तिका काढली आणि तीत बार्टलमची फसगत उदाहरण म्हणून सांगितली. प्रतिस्पर्ध्याचे अपयश जगाला सांगण्यासाठी लिहिलेला हा मजकूरच पुढे बार्टलमच्या अस्तित्वाचा एक महत्त्वाचा पुरावा ठरला.

बार्टलमने पोर्सेलीनही केले होते, हे मात्र कागदपत्रांवरून सिद्ध होत नव्हते. ते सिद्ध झाले खापरांवरून. पुरातत्त्वज्ञ स्टॅनली साउथ यांच्या केन हॉय येथील उत्खननात सापडलेल्या तुकड्यांचा अभ्यास होऊन २००७ मध्ये रॉबर्ट हंटर यांनी बार्टलमला अमेरिकेचा पहिला पोर्सेलीन उत्पादक ठरवणारा लेख प्रसिद्ध केला. त्या खापरांवरील छापील नक्षी आणि इंग्लंडमध्ये अनामिक म्हणून पडून असलेल्या काही पेले-बशांवरील नक्षी जुळली. सॉल्झबरीच्या किटलीची ओळख पटली ती याच मार्गाने. उत्खनन झाले नसते तर ती आजही १५ पौंडांचीच राहिली असती.

तोपर्यंत 'पहिला' हा मान फिलाडेल्फियाच्या बॉनिन आणि मॉरिस यांच्याकडे होता. गूस बॉनिन आणि जॉर्ज अँथनी मॉरिस यांनी १७७० मध्ये फिलाडेल्फियाच्या साउथवर्क भागात 'अमेरिकन चायना मॅन्युफॅक्टरी' सुरू केली. टाउनशेंड करांच्या विरोधात वसाहतींनी इंग्रजी मालावर बहिष्कार घातला होता. स्वदेशी मालाला गिऱ्हाईक मिळेल या हिशेबाने कारखाना निघाला. 'स्वदेशी' हा शब्द येथे वापरणे अस्थानी नाही. १९०५ नंतर महाराष्ट्रात निघालेल्या काचेच्या व काड्यापेटीच्या कारखान्यांना ज्या अडचणी आल्या, त्यांच्याशी या कारखान्याच्या अडचणींचे निकटचे साम्य दिसते. कारागीर परदेशातून आणावे लागले. ते महाग पडले. भांडवल अपुरे होते. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेकडे मागितलेले कर्ज मिळाले नाही. त्यातच चहा वगळता इतर कर रद्द होताच बहिष्कार ढिला पडला, इंग्रजी माल पुन्हा बाजारात आला आणि त्याच्या किमतीला टिकणे अशक्य झाले. बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी लंडनमध्ये होते. पत्नी डेबोरा यांनी पाठवलेल्या या कारखान्याच्या भांड्यांची पोच देताना त्यांनी जानेवारी १७७२ मध्ये उद्योगास मनापासून यश चिंतिले. त्याच वर्षाच्या अखेरीस कारखाना बंद पडला. इंग्लंडहून आणलेले कामगार उघड्यावर पडले.

या दोन वर्षांच्या उत्पादनापैकी आज वीसच्या आसपास वस्तू ज्ञात आहेत : जाळीदार फळपात्रे, रसपात्रे, शिंपल्यांच्या आकाराच्या वाट्या एकावर एक रचून केलेली मिठाईची उभी तबके. काहींच्या तळाशी 'पी' हे निळे अक्षर आहे. ग्रॅहम हूड यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्याच्या जागेचे उत्खनन केले आणि १९७२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या शीर्षकातच हा अमेरिकेचा पहिला पोर्सेलीन कारखाना असल्याचे म्हटले होते. केन हॉयच्या खापरांनी ते शीर्षक कालबाह्य केले. ग्रंथाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. 'पहिला' या विशेषणाचे मात्र कमी व्हावयास हवे. संग्राहकांच्या जगात या विशेषणाला पैशाची किंमत असल्याने ते सहजासहजी सुटत नाही.

टकर : नाव नसलेली भांडी

व्यापारी प्रमाणावर कठीण पोर्सेलीन करण्यात प्रथम यश मिळाले ते विल्यम एलिस टकर यास. त्याच्या वडिलांचे फिलाडेल्फियात चिनी भांड्यांचे दुकान होते. आयात केलेल्या कोऱ्या भांड्यांवर रंगकाम करण्यापासून सुरुवात करून त्याने १८२६ मध्ये शहराच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या इमारतीत कारखाना काढला. १८२७ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्याला रौप्यपदक दिले. १८३० मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यामार्फत सरकारी साहाय्य मिळवण्याचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला. १८३२ मध्ये टकर मरण पावला. न्यायाधीश जोसेफ हेम्पहिल यांचे भांडवल आणि धाकटा भाऊ टॉमस याची देखरेख यांच्या बळावर कारखाना १८३८ पर्यंत चालला. भट्टीत भांड्यांचे कान आपोआप गळून पडू लागले तेव्हा, प्रतिस्पर्ध्यांनी फितवलेल्या एका कामगाराने सुरीने सांधे कापून ठेवल्याचे आढळले, अशी एक आख्यायिका टकर कुटुंबात सांगितली जाई. ती शब्दशः खरी असो वा नसो, परदेशी स्पर्धेविषयीची तत्कालीन धास्ती तीतून नेमकी व्यक्त होते.

संग्राहकांच्या दृष्टीने टकरच्या भांड्यांची मोठी अडचण अशी, की त्यांपैकी बहुतेकांवर कारखान्याची खूण नाही. कधी साचेकाराची आद्याक्षरे कोरलेली आढळतात, एवढेच. आकार आणि सोनेरी-फुलांची सजावट तत्कालीन पॅरिसच्या भांड्यांवर बेतलेली आहे, कारण अमेरिकी गिऱ्हाइकाला तेच हवे होते. परिणामी फ्रेंच भांडी 'टकर' म्हणून खपवण्याचा मोह निर्माण झाला. अमेरिकी नाव लागताच किंमत वाढते, फ्रेंच नावाने ती उतरते. एकोणिसाव्या शतकात नेमके याच्या उलट होते : स्वदेशी भांडे फ्रेंच दिसावे म्हणून टकर धडपडत होता. टकर कारखान्याची नमुनापुस्तके सुदैवाने वाचली असून ती फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहेत. एखादे भांडे टकरचे की पॅरिसचे, हा वाद सोडवताना या पुस्तकांतील आकार आणि नक्षी हाच सर्वांत भरवशाचा आधार ठरतो.

संग्राहकांचा उदय

१८७६ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियात भव्य प्रदर्शन भरले. ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट येथील युनियन पोर्सेलीन वर्क्सचे टॉमस स्मिथ यांनी त्यासाठी शिल्पकार कार्ल म्युलर याच्याकडून 'सेंच्युरी व्हाज' घडवून घेतला. वॉशिंग्टनचे मुखचित्र, अमेरिकी इतिहासातील प्रसंग, प्राण्यांची मस्तके आणि गव्याच्या डोक्यांचे कान असा हा सगळा पसारा एकाच पात्रावर आहे. ट्रेंटनच्या ऑट अँड ब्रुअर कारखान्यासाठी आयझॅक ब्रूम याने बेसबॉल खेळाडूंचे पात्र केले. कलेच्या कसोटीवर ही पात्रे काहीशी बोजड वाटतात. परंतु 'आपले' पोर्सेलीन असते तरी कसे, या प्रश्नाला दिलेले ते पहिले जाणीवपूर्वक उत्तर होते.

याच सुमारास जुन्या वस्तू जमवण्याचा छंद पसरू लागला. विल्यम काउपर प्राइम यांचा पोर्सेलीनविषयक ग्रंथ १८७८ मध्ये, तर अ‍ॅलिस मोर्स अर्ल यांचे अमेरिकेतील चिनी भांड्यांच्या संग्रहाविषयीचे पुस्तक १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यू इंग्लंडच्या शेतघरांतून, माळ्यांवरून आणि स्वयंपाकघरांच्या फडताळांतून भांडी मिळवण्याच्या खटपटीचे अर्ल यांनी केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. त्यांच्या लेखनात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक म्हणजे संग्राहकाला हवी असलेली भांडी प्रायः इंग्लंड वा चीनमध्ये घडलेली होती; त्यांना अमेरिकेत वापरली गेल्यामुळे 'अमेरिकी' मोल आले होते. दुसरी म्हणजे भांडी विकणारे शहरी सधन नव्हते. रेल्वे आणि कारखान्यांनी ज्यांची शेती मागे पडत चालली होती, त्या घरांतील वृद्ध स्त्रिया आजीची बशी रोख पैशांसाठी देत होत्या. संग्राहकाच्या आनंदाची दुसरी बाजू ही आहे. आपल्याकडे वाडे पडू लागले तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर नक्षीदार दरवाजे व झुंबरे ज्या वाटेने गेली, तीच ही वाट.

एडविन अ‍ॅटली बार्बर यांनी (१८५१–१९१६) या छंदाला शिस्त दिली. त्यांचा अमेरिकेतील मृत्पात्रे व पोर्सेलीन यांवरील ग्रंथ १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी आला. अमेरिकी कुंभारांच्या खुणांची सूची १९०४ मध्ये आली. हयात कारागीर, मालकांचे वंशज आणि जुनी पत्रे यांतून त्यांनी माहिती गोळा केली. पुढे ते फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाचे संचालक झाले. बार्बर यांची दृष्टी अर्थातच निःपक्ष नव्हती. देशी उद्योगाचा गौरव हा त्यांचा हेतू होता आणि कारखानदारांनी स्वतःविषयी सांगितलेले त्यांनी बरेचसे तसेच नोंदवले. असे असले तरी त्यांच्या नोंदी नसत्या तर अनेक कारखान्यांचे नावही उरले नसते. १९२२ मध्ये 'अँटिक्स' मासिक निघाले, १९२४ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये अमेरिकी दालन उघडले आणि हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांचा विंटरथर येथील संग्रह १९५१ मध्ये जनतेसाठी खुला झाला. खाजगी हौसेला संस्थेचे रूप आले ते या तीन दशकांत.

ट्रेंटन, लेनॉक्स आणि राष्ट्राध्यक्षांचे ताट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू जर्सीतील ट्रेंटन हे या उद्योगाचे केंद्र बनले. आयर्लंडमधील बेलीक कारखान्याच्या धर्तीवर ऑट अँड ब्रुअरने १८८० च्या दशकात अतिशय पातळ, हस्तिदंती रंगाचे पोर्सेलीन केले. ओहायोतील ईस्ट लिव्हरपूलच्या नोल्स, टेलर अँड नोल्स कंपनीचे 'लोटस वेअर' १८९० च्या दशकात काही वर्षेच निघाले आणि म्हणूनच आज संग्राहकांना विशेष प्रिय आहे. वॉल्टर स्कॉट लेनॉक्स यांनी १८८९ मध्ये भागीदारीत सिरॅमिक आर्ट कंपनी काढली. १९०६ मध्ये तिचे लेनॉक्स असे नामांतर झाले.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या निवासातील ताटांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. लिंकन यांच्या कारकिर्दीतील जांभळट काठाचा संच फ्रान्समधील आव्हिलांच्या कोऱ्या भांड्यांवर न्यूयॉर्कमध्ये रंगवलेला होता. हेज यांचा अमेरिकी पशुपक्ष्यांच्या चित्रांचा संचही फ्रान्समध्येच तयार झाला. थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी १९०३ मध्ये वेजवुडकडून भांडी मागवावी लागली. १९१८ मध्ये विल्सन यांच्या कारकिर्दीत लेनॉक्सचा १,७०० नगांचा संच आला, तो व्हाइट हाउसमधील पहिला संपूर्ण अमेरिकी बनावटीचा संच. स्वातंत्र्याच्या घोषणेपासून त्यास १४२ वर्षे लागली.

पूर्वी व्हाइट हाउसमधील टवके उडालेली भांडी विकली किंवा वाटून टाकली जात. इडिथ रूझवेल्ट यांना हा प्रकार अप्रतिष्ठेचा वाटला आणि अशी भांडी फोडून नदीत टाकण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. इतिहासकाराला हळहळ वाटावी असा हा निर्णय आहे. बाजारात मात्र त्यामुळे उरलेल्या नगांची दुर्मीळता वाढली. खरेदीदाराने सावध राहावे अशी दोन स्थळेही येथे आहेत. आव्हिलांनी हेज यांच्या संचाच्या आकृत्यांचे १८८० मध्ये एकस्व घेऊन तीच भांडी सर्वसामान्यांनाही विकली. लिंकन संचाच्या नकला स्मरणवस्तू म्हणून निघाल्या आणि त्यांच्या मागे लिंकन यांच्या कारकिर्दीचा उल्लेख छापलेला असतो. मूळ संचावर असा मजकूर नाही. म्हणजे ज्यावर नाव स्पष्ट आहे तेच येथे संशयास्पद!

कारखान्यांच्या या इतिहासात स्त्रिया मुख्यतः रंगकाम करणाऱ्या म्हणून दिसतात. घरबसल्या कोऱ्या भांड्यांवर चित्रे काढण्याची मोठी लाट १८७० नंतर आली. त्यासाठी ट्रेंटनचे कारखाने कोरी भांडी पुरवीत. म्हणून तळाशी प्रतिष्ठित शिक्का आणि वर हौशी चित्र अशी असंख्य भांडी बाजारात आढळतात. याच परंपरेतून सिराक्यूसच्या अ‍ॅडलेड ऑल्सप रॉबिनो पुढे आल्या. माती कालवण्यापासून भाजण्यापर्यंत सर्व कामे त्या स्वतः करीत. १९१० मधील त्यांच्या 'स्कॅरब व्हाज'वरील कोरीव कामास हजार तास लागल्याचे सांगितले जाते. पहिल्या भाजणीत त्यास चिरा गेल्या. त्या बुजवून त्यांनी पात्र पुन्हा भट्टीत घातले आणि ते सलामत निघाले. आज ते सिराक्यूसच्या एव्हरसन संग्रहालयात आहे.

खरेदीचे व्यवहारशास्त्र

पुरातन भांडे विकत घेताना नजर, हात आणि कागद ही तीन साधने वापरली जातात. प्रकाशासमोर धरल्यास अंगाचा रंग कळतो. बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारल्यास धड भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. ही परीक्षा आपल्याकडे माठ घेतानाही केली जातेच. अतिनील दिव्याखाली जुनी डागडुजी, गोंद व नंतर चढवलेला रंग वेगळे चमकतात. तळाच्या खुणेवरूनही काळ ठरतो. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानुसार १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे देशाचे नाव छापलेली बशी आजीच्या आजीची असल्याचे कोणी सांगितले, तर ते तपासून घ्यावे लागते. 'बेलीक' हा शब्दही असाच फसवा. अनेक अमेरिकी कारखाने तो सर्रास वापरीत; आयरिश कंपनीने १९२९ मध्ये न्यायालयात दाद मागितल्यावर हा वापर थांबला.

'पुरातन' म्हणजे किती जुने, हेही अखेर जकात कायद्यानेच ठरवले. १९३० च्या कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंना पुरातन म्हणून जकात माफ केली. यंत्रयुगापूर्वीची हस्तकारागिरी हा त्यामागील निकष होता. या व्याख्येनुसार टकरची पहिली चार वर्षे पुरातन आणि पुढची आठ नाहीत! १९६६ मध्ये ही रेषा बदलून शंभर वर्षांची सरकती मर्यादा आली. तेव्हापासून दरवर्षी नव्या वस्तू पुरातन होत आहेत. विल्सन यांच्या संचाला हा दर्जा २०१८ मध्ये, म्हणजे सॉल्झबरीची किटली विकली गेली त्याच वर्षी मिळाला.

अपयशाची किंमत

या सर्व व्यवहारात एक विसंगती ठळकपणे जाणवते. बार्टलम कर्जात बुडाला, बॉनिन-मॉरिस दोन वर्षांत संपले, लोटस वेअर परवडले नाही. त्यांची भांडी संग्रहालयांच्या तिजोऱ्या रिकाम्या करतात. लेनॉक्सने शंभरहून अधिक वर्षे उत्तम माल काढला आणि लाखो अमेरिकी घरांत लग्नाचा आहेर म्हणून तो गेला. त्याच्या विसाव्या शतकातील जेवणाच्या बशा आज जुन्या बाजारात काही डॉलरना मिळतात. दुर्मीळता हे एक कारण आहेच. दुसरे कारण सामाजिक आहे. बारा माणसांच्या औपचारिक पंगतीचा संच ही गरज अमेरिकी कुटुंबातून नाहीशी होत आहे, आणि सोनेरी काठाची भांडी यंत्रात धुता येत नाहीत व मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत, म्हणून मुले आईवडिलांचे संच घेण्यास नाखूश असतात. संग्रहालयांनाही ती नको असतात, कारण तेथे ती आधीच आहेत.

यात इतिहासाभ्यासकाने लक्ष घालावे असे काही आहे. किमतीच्या मागे जाणारे संशोधन आरंभीच्या, अल्पजीवी कारखान्यांवर एकवटते. बॉनिन आणि मॉरिस यांच्या वीसेक वस्तूंवर ग्रंथ आणि प्रदर्शने झाली. ट्रेंटन आणि ईस्ट लिव्हरपूल येथे पिढ्यान् पिढ्या भट्ट्यांवर राबलेले मजूर, सिलिकाच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांची झालेली हानी, झिलईतील शिशाची विषबाधा, कोरी भांडी रंगवून चार पैसे मिळवणाऱ्या मुली यांची कहाणी ज्या वस्तूंत साठली आहे त्या वस्तू स्वस्त आहेत, म्हणून त्यांना अभ्यासकही कमी. बाजाराने सोडून दिलेल्या वस्तूंचे संग्रह महाविद्यालये आणि स्थानिक संग्रहालये फारसा खर्च न करता उभारू शकतात. ईस्ट लिव्हरपूलच्या मृत्पात्र संग्रहालयाने तेथील उद्योगाच्या बाबतीत हे काम केले आहे.

लेनॉक्सचा न्यू जर्सीतील पोमोना येथील कारखाना २००५ मध्ये बंद झाला. नॉर्थ कॅरोलायनातील किन्स्टन येथील शेवटचा कारखाना करोना साथीच्या काळात, २०२० मध्ये कायमचा थांबला. व्हाइट हाउसचे संच येथेही तयार झाले होते. त्याच राज्यात बंद पडलेल्या नमुन्यांची सुटी भांडी विकणारी मोठी गोदामे आहेत. तुटलेल्या संचातील एखादी बशी, एखादा कप किंवा साखरदाणीचे झाकण शोधणारे ग्राहक नमुन्याचे नाव आणि तळाच्या शिक्क्याचा रंग कळवून तेथे मागणी नोंदवतात.